दिसला का, मन्मथ?

आष्टीत कुणाच्या घरी टीव्हीची छत्री बसवायची म्हटलं की तीस वर्षं एकच नाव निघायचं, मैनुद्दीन छत्रीवाला. पावसाच्या छत्रीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी दर पावसाळ्यात दोन-चार म्हाताऱ्या मोडक्या छत्र्या घेऊन त्याच्या दारात यायच्याच, आणि हा बाबा हसत हसत त्या फुकटात नीट करूनही द्यायचा.

पेठेतल्या मन्मथच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून छत्री विकली जायची. मैनुद्दीन ती घेऊन स्लॅबवर चढायचा आणि मन्मथ खाली गिऱ्हाइकाच्या टीव्हीसमोर उभा राहायचा. वरून हाक यायची, "आलं का?" खालून उत्तर जायचं, "न्हाई! मुंग्याच हायेत!" छत्री बोटभर सरकायची. "आता?" "आलं, आलं... गेलं!" असं करत करत दोघांनी सगळ्या तालुक्याला चित्रं दाखवली. मन्मथचं चित्त मात्र कायम स्वयंपाकघराकडं. एकदा कडा गावात भाकरी थापल्याचा आवाज कानावर पडला तसं त्यानं "आलं!" म्हणून ठोकून दिलं. वर मैनुद्दीननं नट आवळून टाकले, घाम पुसत खाली आला, तर टीव्हीवर मुंग्यांचं वारूळ आणि मन्मथच्या पुढ्यात बाजरीची भाकरी. त्यावरून मैनुद्दीननं त्याला वीस वर्षं पिडलं.

मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि छत्र्यांवर पोरं कपडे वाळत घालायला लागली. धंदा बसला, तसा मैनुद्दीनही स्वतःच्या स्लॅबवर जाऊन बसला. तिथंच एका संध्याकाळी त्याला ती चालती चांदणी दिसली. ना लुकलुकत होती, ना विमानासारखा लाल दिवा होता. नगरकडून निघाली आणि चार मिनिटांत जामखेडकडं गेलीसुद्धा. विचारपूस केल्यावर कळलं, ते अंतराळ स्थानक आहे, आत सहा-सात माणसं राहतात आणि ते दिवसातून पंधरा-सोळा वेळा पृथ्वीला फेरी घालतं. मैनुद्दीन खुळावलाच. त्याच्या छत्र्या ज्या उपग्रहांकडं तोंड करून बसायच्या ते इतके लांब की जन्मात डोळ्यांना दिसायचे नाहीत. ज्यांच्या नावानं तीस वर्षं भाकरी खाल्ली, त्यांच्या भावकीतलं कुणीतरी आज पहिल्यांदा दारावरून गेलं, असं त्याला वाटलं.

तेव्हापासून त्याला तो नादच लागला. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठून कुठं, हे मोबाईलवर बघायचं आणि वेळेआधी पाच मिनिटं स्लॅबवर हजर व्हायचं. हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवून तो उंची मोजायचा. छत्री लावतानाही तसंच करायचा. आपल्याकडं दिवस बुडाला तरी वर त्याच्यावर ऊन असतं, म्हणून ते चमकतं, हे त्यानं बायकोला, आमिनाबीला, समजावून सांगितलं. "ऊन है तो मेरे पापडों कू लाके देव," ती म्हणाली आणि खाली गेली.

मन्मथची बायको दानम्मा तीन वर्षांपूर्वी वारली. पोरगा श्रीशैल पुण्यात नोकरीला, सून आणि नात शिवांजली तिकडंच. मन्मथ सांज झाली की दुकानात नुसता बसून राहायचा. दिवा लावायचंसुद्धा त्याला सुचत नसे. त्याला खुर्चीतून उठवायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून मैनुद्दीननं फोन करायला सुरुवात केली. मन्मथला गुडघ्यांमुळं जिना चढवत नव्हता. आणि दुकानासमोरचं आभाळ काय वाईट होतं? "मन्मथ, ये बाहीर. निघालाय बग." मन्मथ बाहेर यायचा आणि क्षणात फोनवर ओरडायचा, "दिसला बे, दिसला! लई झकास!" दोन वर्षं हे चाललं. ते "दिसला" ऐकल्याशिवाय मैनुद्दीनला आपण स्वतः बघितलेलंही पुरं बघितल्यासारखं वाटत नसे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. त्या गुरुवारी सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना मैनुद्दीननं फोन लावला. "मन्मथ, नगरकडनं निघालाय. तुझ्या दुकानाम्होरच्या लिंबाच्या शेंड्यावरनं जाईल."

"दिसला!" मन्मथ म्हणाला. "आज तर लई उजळ हाय, टपोरा!"

मैनुद्दीननं नगरकडं बघितलं. काहीच नव्हतं. डोकं मागं टाकून सगळं आभाळ धुंडाळलं. दोन-चार नेहमीच्या चांदण्या आपापल्या जागी गप उभ्या होत्या.

आता कुणी दुसरा असता तर म्हणाला असता, मन्मथनं थाप मारली. मैनुद्दीनच्या डोक्यात ते आलंच नाही. मन्मथला दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही, म्हणजे आपलेच डोळे गेले, असा त्यानं सरळ हिशेब केला. खाली येऊन त्यानं डोळे धुतले. लांबच्या टॉवरचा लाल दिवा बघितला. मग आमिनाबीच्या डब्यातली सुई काढून दोरा ओवत बसला.

"अजी, बटन टूटा क्या?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "बायको, मी आंधळा होयालोय."

दोरा तर पहिल्या झटक्यात सुईत गेला होता. आमिनाबीनं सुईकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ते स्थानक नगरकडून ऐटीत निघालं, जामखेडकडं गेलं आणि मैनुद्दीनला ते लख्ख दिसलं. त्यानं मोबाईल उघडला. काल यायचंच नव्हतं. तो शुक्रवारची ओळ गुरुवारीच वाचून बसला होता. जे आभाळात नव्हतंच, ते मन्मथला काल टपोरं दिसलं होतं.

मग मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कड्याची भाकरी आठवली. दोन वर्षांचे सगळे "दिसला" त्याच्या डोक्यात मुंग्या होऊन वळवळायला लागले. हा माणूस खुर्चीवरून बूड न हलवता आपल्याला येडा बनवतोय! रविवारी पुन्हा फेरी होती. त्यानं आमिनाबीला स्लॅबवर उभी केली, कधी आणि काय बोलायचं ते पढवलं आणि स्वतः पेठेत जाऊन मन्मथच्या दुकानासमोर, बंद असलेल्या शिंप्याच्या ओट्याआड उभा राहिला. चोर मुद्देमालासकट धरायचा होता.

ठरल्या वेळी दुकानात फोन वाजला. मन्मथ बसून राहिला नाही. फोन कानाला लावून लगेच उठला. एक हात काउंटरच्या कडेवरून सरकवत दारापर्यंत आला आणि तिथं त्यानं पाय पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. विहिरीत उतरताना पाण्याचा अंदाज घ्यावा तसा तो स्वतःच्या दुकानाची पायरी शोधत होता. रस्त्यावर आला तेव्हा एक मोटारसायकल हॉर्न देत शेजारून गेली आणि तो दचकून जागीच थांबला. मग त्यानं तोंड वर केलं.

स्थानक लिंबाच्या वर होतं, कुणालाही दिसावं एवढं ठसठशीत. मन्मथ करमाळ्याच्या बाजूला बघत होता. पडलेलं नाणं शोधावं तशी त्याची मान इंचाइंचानं फिरत होती. विभूतीचे पट्टे ओढलेलं कपाळ आठ्यांनी भरलं होतं.

"दिसला वहिनी!" तो फोनमध्ये म्हणाला. "सांगा त्याला, लई झकास दिसला."

फोन खिशात ठेवल्यावर तरी तो आत जाईल, असं मैनुद्दीनला वाटलं. मन्मथ गेला नाही. स्थानक केव्हाच निघून गेलं होतं आणि तो तसाच रस्त्यात उभा राहून रिकाम्या आभाळात शोधत होता. मैनुद्दीनचा राग कुठल्या कुठं गेला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मन्मथ," तो जवळ जाऊन म्हणाला.

"आं? तू? मंग स्लॅबवर कोण हाय?"

"आमिना हाय. दिसत न्हाई ना तुला?"

"दिसतंय की. तुझं थोबाड दिसतंय."

"मन्मथ."

मन्मथ चाचपडत पायरीवर बसला. "म्होरचं दिसतं बे. कडंचं गेलंय. पोंगळीतनं बगितल्यागत झालंय. सांजच्याला तर लईच."

"मंग खोटं कावून बोललास?"

"तू एवढ्या हौसंनं फोन केलता. पयल्या दिशी म्हणलं, आज न्हाई घावला, उद्या घावंल. दुसऱ्या दिशी बी तसंच. आन न्हाई दिसला म्हणलो असतो तर तू इचारलं असतं, कावून न्हाई दिसला?" त्यानं मैनुद्दीनचा हात धरला. "श्रीशैलच्या कानावर घालू नको. गळ्याशपथ हाय तुला. त्यो शटर वढील आन मला फ्लॅटात नेऊन ठिवील. तिथं मी कुणाला फ्यूज इकू? हितं ह्या खुर्चीत बसलो की दानम्मा मागं च्या करतीया असं वाटतं मला."

मैनुद्दीननं शपथ घेतली. पण दुसऱ्याच दिवशी मन्मथला एसटीत घालून नगरला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तासभर तपासलं आणि काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. दिवसातून तीनदा थेंब, वेळ चुकवायची नाही, महिन्याला तपासणी, आणि एकटं राहायचं नाही.

"घरी कोण असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लई जण हायेत," मन्मथनं सांगितलं. आता या माणसाला काय म्हणावं?

ते लई जण म्हणजे एकटा मैनुद्दीन. पहाटेची नमाज झाली की तो पेठेत, दुपारी पेठेत, दुकान बंद व्हायच्या वेळेला पुन्हा पेठेत. तीस वर्षं छपराच्या कडेवर उभा राहून बारीक नट आवळलेला हात. एक थेंब गालावर गेला नाही. संध्याकाळच्या थेंबापायी दोन फेऱ्या हुकल्या, त्याचं त्याला काही वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो पोचला तर दुकान उघडं आणि खुर्ची रिकामी. समोर माणसं जमली होती. मन्मथ नालीच्या कडेला चिखलात बसला होता, कपाळावरच्या विभूतीत रक्त मिसळलं होतं. पायरीचा अंदाज चुकून तो रस्त्यावर पडला होता आणि उसानं भरलेला ट्रॅक्टर त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेला होता. ट्रॅक्टरवाला पोरगा परत परत हातानं तेवढं अंतर दाखवत होता.

"काय झालं न्हाई," मन्मथ सगळ्यांना सांगत होता. "शटर लागलं."

त्या संध्याकाळी मैनुद्दीन मोबाईल हातात धरून अंगणात बसला. शपथ मोडली तर मित्र जाणार होता, आणि पाळली तरी मित्रच जाणार होता. तो उठायचा, फिरायचा, परत बसायचा. आमिनाबीनं थोडा वेळ बघितलं आणि कणकेचे हात पुसत बाहेर आली.

"शपथ तोडने का गुनाह मेरे सर पे डालो," ती म्हणाली. "फोन लगाव."

श्रीशैल दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घेऊन आला. शटर ओढलं गेलं. मन्मथ खुर्चीवरून उठला, तेव्हा त्यानं समोर उभ्या असलेल्या मैनुद्दीनला एकच विचारलं, "तू सांगितलं?"

"सांगितलं."

"मी खोटं बोललो ते तुला वाईट वाटू ने म्हणून. तू खरं बोललास ते मला गावातनं हाकलाया."

मैनुद्दीनला पुष्कळ काही म्हणायचं होतं. ट्रॅक्टरचं म्हणायचं होतं, थेंबांचं म्हणायचं होतं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "दुपारचे थेंब राहिलेत." मन्मथ गाडीत बसला. काच खाली झाली नाही.

दोन महिने गेले. श्रीशैल फोन करून सांगायचा, काका, थेंब चालू आहेत. काका, छोटं ऑपरेशन झालं. "बाबांना देऊ का?" असं तो प्रत्येक वेळी विचारायचा आणि मागून मन्मथचा आवाज यायचा, झोपलाय म्हणून सांग. स्वतः झोपलोय असं स्वतःच सांगणारा माणूस जगात दुसरा नसेल. मैनुद्दीनला हसू यायचं आणि फोन ठेवल्यावर रडूही यायचं.

फेऱ्या चालूच होत्या. तो स्लॅबवर जायचा, स्थानक यायचं, हात खिशातल्या मोबाईलकडं जायचा आणि माघारी यायचा. नवऱ्याची दया येऊन आमिनाबी त्याच्यासोबत वर यायला लागली. वाळलेले कपडे गोळा करता करता ती म्हणायची, "दिखा, दिखा." "वो बिजली का खंबा है," मैनुद्दीन म्हणायचा. बिचारी मनापासून करत होती. पण मन्मथची जागा मन्मथचीच होती, ती भरून निघत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तो असाच कर्जतच्या दिशेला तोंड करून उभा होता. सात वाजत आले होते. फोन वाजला. नाव बघून त्याला आधी खरंच वाटेना.

"कुठं हायेस?" मन्मथनं विचारलं. ना रामराम ना सलाम.

"स्लॅबवर."

"आमी बी गच्चीवर हाव. शिवांजलीनं टाइम बगून ठिवला होता. अकरा मजले चढून आलो."

"अकरा? गुडघ्यानं?"

"लिफ्टनं बे."

मैनुद्दीननं विचारलं, "डोळे कसे हायेत?"

"हायेत तेवढे हायेत. डॉक्टर म्हणला, आजून सा म्हैने गेले असते तर हाये ती पोंगळी बी मिटली असती." मग त्यानं आवाज खाली घेतला. "तुझ्यावर लई चिडत होतो मैनू. दिसातनं तीनदा."

"तीनदाच कावून?"

"थेंब घालताना. श्रीशैलचा हात कापतो. गालावर, नाकावर, कुठं बी पडतंय. तुझा कवाच न्हाई कापला."

तेवढ्यात पलीकडून पोरीचा आवाज आला, "आजोबा, आला! तो बघा, तो! नाही, इकडं! अहो, माझ्या बोटाकडं बघा!"

आता ते नेहमीचं "दिसला, लई झकास" येणार, हे मैनुद्दीनला पाठ होतं, आणि खरं सांगायचं तर ते खोटं ऐकायलाही त्याचे कान आसुसले होते. एक क्षण गेला. आणखी चार-पाच गेले.

"मला न्हाई दिसला," मन्मथ म्हणाला. "पोरीनं डोसकं धरून फिरवलं तरी न्हाई. गेला डोक्यावरनं. आता तुझ्याकडं यायलाय. पंधरा सेकंदं लागत्यात म्हणती शिवांजली. बग."

कर्जतकडून तो ठिपका वर चढतच होता, नेहमीपेक्षा मोठा, नेहमीपेक्षा शांत. मैनुद्दीननं तो डोक्यावर येताना बघितला असता, पण दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा मित्र त्याला फोनवर खरं सांगून बसला होता, आणि ते ऐकून त्याचे दोन्ही डोळे असे भरून आले की आभाळ, टाकी, दोरीवरचे कपडे, सगळं एक झालं.

"दिसला का?" मन्मथनं विचारलं.

"न्हाई."

"कावून? ढग हायेत?"

"ढग न्हाईत. डोळ्यात पानी आलंय."

मग मन्मथ असा ओरडला की खाली चुलीपाशी आमिनाबीलाही ऐकू गेलं असेल.

"आरं मंग पूस की! बीडकडं निघाला आसंल त्यो! पूस लवकर, आन मला सांग कसा दिसतोय!"

मैनुद्दीननं सदऱ्याची बाही डोळ्यांवरून ओढली. बीडच्या अंगाला तो ठिपका अजून होता, जरा तांबूस झालेला. फोन कानाशी घट्ट धरून तो मन्मथला सांगायला लागला.